दरमहा चौदा: दोन पगारांच्या एका घराचे कर्जप्रकरण

पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे. लग्नाला नऊ वर्षे झालेली, एक मुलगी शाळेत. ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत आणि नावांऐवजी ‘तो’ आणि ‘ती’ एवढेच ठेवले आहे. रकमाही चलनात दिलेल्या नाहीत. दोघांचा मिळून हातात पडणारा महिन्याचा पगार १०० धरला आहे. त्यात त्याचे ६०, तिचे ४०. म्हणजे कुठे ‘कर्ज २४०’ असे आले तर ते दोन महिने बारा दिवसांच्या अख्ख्या पगाराएवढे समजावे. कर्ज असे महिन्यांत मोजले की त्याला वजन येते. नुसता आकडा प्रत्येक जण आपापल्या खिशाने जोखतो.

मी लेखापाल आहे, कर्जसल्लागार नव्हे. हे दोघे ओळखीतून माझ्याकडे आले आणि पुढचे अठरा महिने महिन्यातून एकदा येत राहिले. हे टिपण त्या वहीवरून, त्यांच्या संमतीने.

सुरुवात तीन वर्षे आधीची. त्याला बढती मिळाली. सहा महिन्यांत घर बदलले, भाडे वाढले. नवा दिवाणखाना मोठा होता, त्यात जुना सोफा दीनवाणा दिसू लागला. सोफा आला, मग त्याला शोभेल असे पडदे, मग भिंतीला शोभेल असा टीव्ही. अठराव्या शतकात दनी दिद्रो या फ्रेंच लेखकाने स्वतःचीच अशी फजिती लिहून ठेवली आहे. नव्या किरमिजी झग्यापुढे त्याला आपली जुनी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची चित्रे सगळेच कळाहीन वाटू लागले आणि एकेक वस्तू बदलत गेली. मी हा किस्सा सांगितला तेव्हा ती हसली. तो म्हणाला, “पण सोफा खरंच मोडला होता.” मोडला होता, हेही खरे. या घरात कोणतीही एक खरेदी बेताल नव्हती, हे मला आधीच नोंदवायचे आहे. जुगार नाही, व्यसन नाही, दागदागिन्यांचा सोस नाही.

पहिली दुरुस्ती

दीड वर्षात क्रेडिट कार्डांची बाकी २५० वर गेली. त्यात गाडी घेतली: ५६५ चे कर्ज, पाच वर्षांची मुदत, १२ चा हप्ता. दोन महिन्यांत लक्षात आले की आता कार्डांचे पैसे भरता येत नाहीत. तेव्हा त्याने वैयक्तिक कर्ज काढले, रक्कम २५०, व्याज वर्षाला १६ टक्के, हप्ता ८. त्या पैशातून सगळी कार्डे शून्यावर आणली.

व्याजाचा विचार केला तर हे शहाणपणाचेच होते. कार्डांवर महिन्याला ३ टक्के व्याज होते. सरळ गुणाकाराने ते वर्षाचे ३६ होते, पण व्याजावर व्याज चढते म्हणून प्रत्यक्षात ४२.६ टक्के. ते उतरवून १६ टक्क्यांवर आणणे ही चांगली चाल होती. मात्र कार्डे बंद केली नाहीत. “अडीअडचणीला असू देत,” असे ठरले. त्या दिवशी घराचा खर्च किती, पगार किती, हे कागदावर मांडले गेले नाही. कर्ज एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले आणि पहिला खिसा पुन्हा मोकळा झाला. मोकळी मर्यादा हळूहळू पगारासारखी वापरली जाऊ लागली.

ते माझ्याकडे आले ते या दुरुस्तीनंतर एकोणीस महिन्यांनी. कार्डांवर तेव्हा २४० होते.

अडचण कशी उघड झाली

मुलीच्या शाळेची फी भरताना कार्ड नाकारले गेले. फी भरायला ती गेली होती. तिच्या समजुतीप्रमाणे ते कार्ड दीड वर्षापूर्वीच कोरे झाले होते. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, मशीनचा घोळ असेल. संध्याकाळी तिने मागची सहा बिले उघडून पाहिली.

पहिल्या बैठकीत मी दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि घरावर एकूण कर्ज किती ते लिहायला सांगितले. तिने ५५० लिहिले. त्याने ७०० लिहिले. दोघांच्या मोबाइलमधली खाती उघडून बेरीज केली ती ८५० निघाली. त्याला स्वतःची मधल्या कार्डाची बाकी नीट माहीत नव्हती. तिच्या नावावरचे छोटे कार्ड, ज्यावर ३० होते, ते तिने दोघांच्याही हिशेबात कधी धरलेच नव्हते. ते ‘माझं मी बघते’ या सदरात होते.

पुढच्या बैठकीत तो पाच मिनिटे आधी आला आणि म्हणाला, “अजून ५० आहेत. दादाचे.” थोरल्या भावाकडून हातउसने घेतलेले, दोन टप्प्यांत, कार्डाची किमान रक्कम (बिलापैकी दरमहा निदान भरावीच लागणारी) भरायला. तिला माहीत नव्हते. मी तिला सांगितले नाही, त्याने सांगावे म्हणून थांबलो. त्याने सांगितले. ती बैठक तिथेच संपली आणि आकडे पुढच्या आठवड्यावर गेले.

खरा आकडा

एकूण कर्ज ९००. त्यात गाडीचे ४००, वैयक्तिक कर्जाचे उरलेले १५०, तीन कार्डांचे २४० (मोठे १४०, मधले ७०, छोटे ३०), फोन, टीव्ही, सोफा आणि एका सहलीच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांचे ६०, भावाचे ५०. नऊ महिन्यांचा पगार.

पण मला ९०० पेक्षा महिन्याचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटला. भाडे २४. किराणा १५, शाळा ८, प्रवास आणि इंधन ६, वीज-फोन-इंटरनेट ५, विमा ३, बाहेरचे खाणे, कपडे आणि करमणूक १०; हे झाले ४७. कर्जफेड: गाडी १२, वैयक्तिक कर्ज ८, कार्डांची किमान रक्कम १२, वस्तूंचे हप्ते ११, हे ४३. एकूण ११४.

पगार १००.

हे १४ दरमहा कुठून येत होते? कार्डांवरून. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला कार्डांत १२ भरायचे आणि महिनाभरात १४ परत उचलायचे. वर ७ च्या आसपास व्याज. कार्डांची बाकी महिन्याला ९ ने फुगत होती, आणि त्याला मात्र मनापासून वाटत होते की आपण फेडतो आहोत, कारण एकही तारीख चुकलेली नव्हती. याची टोपी त्याला घालण्याचा हा खेळ इतका नियमित चालला होता की त्यात शिस्तीचा भास होत होता.

आणखी दोन गोष्टी दोघांनाही माहीत नव्हत्या. कार्डाची बाकी पूर्ण फेडली नाही, तर सर्वसाधारणपणे नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. बिलाच्या तारखेची वाट न पाहता खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणजे त्यांचा किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजाने येत होता. दुसरी गोष्ट ‘बिनव्याजी’ हप्त्यांची. टीव्ही एकरकमी घेतला असता तर जी सूट मिळाली असती, ती हप्त्यांत मिळाली नव्हती. व्याज होतेच, फक्त ते किमतीच्या पोटात होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार.

किमान रकमेबद्दल थोडे सविस्तर, कारण बिलावरचा हा आकडा मला सर्वांत घातक वाटतो. कार्डांवर एकही नवी खरेदी न करता, महिन्याला ३ टक्के व्याज आणि बाकीच्या ५ टक्के किमान रक्कम असा क्रम चालू ठेवला, तर २४० चे १२० व्हायला ३२ महिने लागतात. या काळात भरणा होतो सुमारे २८८. त्यातले १६८ व्याज. बिलावर किमान रक्कम छापलेली असली की लोक तिच्या आसपासच भरतात, जास्त भरण्याची ऐपत असली तरी, असे मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ साली दाखवले. त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते. ज्या महिन्यात त्याला बोनस मिळाला, त्या महिन्यातही त्याने किमान रक्कमच भरली होती. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “तेवढीच मागितली होती.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तो घरूनच घेऊन आला होता. आणखी एक मोठे कर्ज: वैयक्तिक कर्ज, कार्डे आणि वस्तूंचे हप्ते मिळून ४५०, पाच वर्षे, १५ टक्के. हप्ता येत होता १०.७. आजच्या ३१ च्या जागी! महिन्याला २० सुटतात, १४ चा खड्डा बुजतो आणि ६ उरतात. कागदावर हा पर्याय सर्वांत सुटसुटीत होता आणि खरे सांगायचे तर अर्धा तास मीही त्याच्याच बाजूने होतो. पाच वर्षांत ६४२ भरावे लागणार होते, पण कार्डांच्या व्याजापेक्षा ते स्वस्तच पडले असते.

मग मी विचारले, “ज्या दिवशी हे कर्ज मिळेल त्याच दिवशी तिन्ही कार्डे बंद करायला तयार आहात?” तो गप्प बसला. ती म्हणाली, “मागच्या वेळी हेच विचारायला हवं होतं.” पर्याय तिथेच बाद झाला. मागचे १५० अजून फिटलेले नसताना तीच दुरुस्ती जवळपास दुप्पट आकाराने पुन्हा करण्यासारखे ते होते.

दुसरा पर्याय गाडी विकण्याचा. बाजारात तेव्हा ४१५ येतील असा अंदाज होता. कर्ज ४००, मुदतपूर्व फेडीचे शुल्क ८. हातात उरणार ७ म्हणजे जवळपास काहीच नाही. पण महिन्याचा १२ चा हप्ता जाणार आणि इंधनातले २ वाचणार. चौदा! खड्डा बरोबर गाडीच्या आकाराचा होता. ही बेरीज त्याने स्वतः केली आणि पेन खाली ठेवले.

तिसरा, निवृत्तीसाठीच्या पुंजीतून रक्कम काढण्याचा. याला मी स्पष्ट नाही म्हटले. खड्डा चालूच असताना त्यात पुंजी ओतली तर पुंजी जाते आणि खड्डा राहतो. चौथा, कार्ड देणाऱ्यांशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवण्याचा. एकही हप्ता चुकलेला नसताना ती मिळणे कठीण, आणि मिळाली तरी पतनोंदीवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीवर, डाग राहतो. दिवाळखोरीपर्यंत गोष्ट गेलेलीच नव्हती. पाचवा, उत्पन्न वाढवण्याचा: तिला तिच्या क्षेत्रात जादा कामातून महिन्याला ५ मिळू शकत होते.

मुलीच्या नावाने २५ ची एक ठेव होती, वर्षाला ७ टक्के मिळवणारी. त्याच वेळी छोट्या कार्डावरचे ३० महिन्याला ३ टक्के खात होते. ठेव मोडून ते कार्ड जवळपास संपवता आले असते. दोघेही एका सुरात म्हणाले, “ती मुलीची आहे.” मी फार ताणले नाही. ताणायला हवे होते, हे पुढे दिसले.

काय केले

पहिल्या महिन्यात तिन्ही कार्डे पाकिटातून आणि मोबाइलमधून काढली. मोबाइलमधून काढणे जास्त कामाचे ठरले. बाहेरच्या खर्चाला ३ ठरवले, ते रोखीत, एका पाकिटात. रोखीचा आग्रह मी धरला. त्यामागे २००१ सालचा ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा प्रयोग होता: तिकिटे मिळेनाशी झालेल्या एका बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, तेव्हा कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. त्याने पाकिटाची पद्धत हास्यास्पद ठरवली आणि तीन महिने पाळली.

मोठ्या कार्डाच्या बाबतीत एक सोपी गोष्ट हाती लागली. कार्ड देणाऱ्यांना त्याने फोन करून विचारले की १४० ची बाकी ठरावीक हप्त्यांत बदलून मिळेल का. मिळाली: महिन्याला दीड टक्का, २४ महिने, कार्ड गोठवण्याच्या अटीवर. हप्ता आला ७. किमान रक्कम म्हणून तो आधीही ७ च भरत होता. तेवढेच पैसे, पण एक रस्ता दोन वर्षांत संपणारा आणि दुसऱ्याला शेवटच दिसत नव्हता. हा फोन वर्षभरापूर्वी करता आला असता. त्याने का केला नाही? “विचारलं तर त्यांना कळेल की अडचण आहे.” ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, यात या घराची बरीच वर्षे गेली आहेत.

गाडीचा निर्णय मात्र लांबला. विकायची हे दुसऱ्या बैठकीत ठरले होते, विकली गेली तिसरा महिना संपताना. आधी किंमत कमी येते म्हणून, मग एका लग्नाला जायचे होते म्हणून, मग उगाचच. त्या तीन महिन्यांत तिचे जादा काम अजून सुरू झाले नव्हते. बाहेरचा खर्च कापल्यावरही महिन्याला ७ कमी पडत होते आणि कार्डांचा वापर तर बंद. ते २१ शेवटी त्याच ठेवीतून गेले, जी मुलीची होती. छोटे कार्ड फेडायला जिला हात लावला नाही, ती गाडी आणखी तीन महिने दारात उभी ठेवायला खर्ची पडली. गाडी ३९० ला गेली. कर्ज तोपर्यंत ३७४ वर आले होते, शुल्क ७, हातात उरले ९. म्हणजे तीन महिन्यांत हप्त्यांचे ३६ भरून पदरात २ जास्त पडले.

तो गाडीला का चिकटून होता, यावर तिचे म्हणणे स्पष्ट होते: कार्यालयात त्याच्या बरोबरीचे सगळे गाडीने येतात. त्याचे म्हणणे असे की मुलीला पावसात शाळेत सोडायचे असते. दोन्ही खरे असणार. मला खटकले ते वेगळेच. कर्ज दोघांचे, पण पहिला त्याग तिच्या वाट्याला आला. तिने जादा काम स्वीकारले तेव्हा तो अजून गाडीची जाहिरात टाकायची की नाही यावर विचार करत होता. मी हे बोलून दाखवले नाही. तिने दाखवले.

चौथ्या महिन्यापासून चित्र पालटले. उत्पन्न १०५. भाडे आणि घरखर्च मिळून ६२. वैयक्तिक कर्ज ८, मोठे कार्ड ७, वस्तूंचे हप्ते ११. उरले १७. त्यातले १५ मधल्या आणि छोट्या कार्डाला, २ अडीनडीच्या खात्यात. नेहमीचा प्रश्न आला, आधी कोणते फेडायचे? सर्वांत जास्त व्याजाचे की सर्वांत लहान? इथे दोन्ही कार्डांचे व्याज सारखेच होते, त्यामुळे लहान आधी घेण्यात नुकसान काहीच नव्हते. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात असे दिसले होते की जे लोक एकेक खाते पूर्ण बंद करत जातात, ते कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त असते. छोटे कार्ड आधी संपले. तिने ते कात्रीने कापले आणि त्याचा फोटो मला पाठवला. अशा फोटोंना मी एरवी फार महत्त्व देत नाही, पण हा वहीत चिकटवला आहे.

सातव्या महिन्यात मुलगी आजारी पडली. खर्च १४. अडीनडीच्या खात्यात होते ८. उरलेले ६ त्या महिन्याच्या कार्डाच्या भरण्यातून काढले. दोघे रात्री अकरा वाजता फोनवर विचारत होते, मधले कार्ड एकदाच वापरले तर चालेल का. मी म्हटले, या महिन्यात १५ ऐवजी ९ भरा, जग बुडत नाही. वर्षभरापूर्वी हेच १४ कार्डावर गेले असते आणि बिलाच्या ढिगात दिसेनासे झाले असते.

भावाचे पन्नास

यावर आमचा वाद झाला, म्हणून वेगळे लिहितो. पाचव्या महिन्यापासून वस्तूंचे हप्ते एकेक करून संपू लागले. सुटलेले पैसे कार्डांना जावेत, असे माझे म्हणणे. कार्डांना महिन्याला ३ टक्के लागत होते, भावाला शून्य. तो हटून बसला: आधी दादा.

मी हिशेब करून दाखवला. त्याच्या मार्गाने कार्डे दोन महिने उशिरा संपणार होती. पण या उशिराची किंमत काढली तर ती सगळी मिळून २ च्या आसपास निघाली, महिन्याच्या पगाराचे दोन टक्के. मला वाटले होते त्यापेक्षा ती बरीच कमी होती. मी माघार घेतली. दहाव्या महिन्यात भावाचे ५० फिटले, त्याच महिन्यात मधले कार्डही शून्यावर आले. भावाने म्हणे पैसे मोजलेसुद्धा नाहीत, फक्त म्हणाला, “आता घरी येत जा.” दीड वर्ष तो भावाकडे गेला नव्हता. हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हते.

अठरा महिन्यांनंतर

चौदाव्या महिन्यात वैयक्तिक कर्ज मुदतीआधी संपले. अठराव्या महिन्याच्या शेवटी ९०० पैकी उरले होते ४०, मोठ्या कार्डाचे सहा हप्ते. हा आकडा वाटतो तितका पराक्रमाचा नाही, हे सांगायला हवे: त्यातले ३७४ तर गाडी गेल्यामुळे एका दिवसात गेले. अडीनडीच्या खात्यात ९५ आहेत. शेवटच्या चार महिन्यांत सुमारे २५ कुठे गेले, त्याचा पत्ता वहीत लागत नाही. पाकिटाची पद्धत तिसऱ्या महिन्यानंतर ढिली पडत गेली आणि बाहेरचा खर्च दहाव्या महिन्यानंतर ३ वरून ६ वर आला. ही वाढ मी हिशेबात धरलेली होती.

सोळाव्या महिन्यात त्यांनी ६० ची एक जुनी दुचाकी रोखीने घेतली. त्याआधी मोठे कार्ड संपवले असते तर दीड टक्क्याचे व्याज वाचले असते. मी तसे म्हटले. तो म्हणाला, “पहिल्यांदा काहीतरी हप्त्याशिवाय घेतलंय. घेऊ द्या.”

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग चूक ते माझ्याकडे येण्याच्या एकोणीस महिने आधीची. वैयक्तिक कर्ज काढणे ही चूक नव्हती. त्या दिवशी खर्चाची बेरीज न करणे आणि कार्डे उघडी ठेवणे, ही चूक. तेव्हा ११४ आणि १०० शेजारी शेजारी लिहिले गेले असते, निदान त्या वेळचे आकडे, तर दोन महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी तेव्हाच विकण्याचा विषय निघाला असता.

माझ्या बाजूने दोन चुका. गाडी विकायचे ठरले तेव्हा मी तारीख लिहून घेतली नाही. ‘लवकरच’ यावर समाधान मानले. आणि ठेवीच्या वेळी भावनेला मान देताना मी पर्याय नीट मांडला नाही. “मुलीची ठेव मोडायची का?” असे विचारले तर कोणीही नाही म्हणेल. “मुलीच्या ठेवीवर वर्षाला ७ टक्के मिळवण्यासाठी कार्डाला ४२ टक्के द्यायचे का?” असे विचारायला हवे होते.

तिच्या जादा कामाचाही फेरविचार व्हायला हवा होता. वर्षभर ठीक, पण कर्ज उतरल्यावरही ते चालूच राहिले आणि त्याचे ५ आता घराच्या नेहमीच्या उत्पन्नात धरले जातात. गेल्या बैठकीत मी ते ५ हिशेबातून काढून दाखवले. घर तरीही चालते. काम सोडायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.

मधले कार्ड बंद केलेले नाही. त्याचे म्हणणे, जुने खाते बंद केले तर पतनोंद बिघडू शकते आणि अडीअडचणीला एक कार्ड असावे. पतनोंदीचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. उपलब्ध मर्यादा घटली की त्या मर्यादेच्या मानाने उधारीचे प्रमाण वाढलेले दिसते. तिचे म्हणणे, अडीअडचण हा शब्द या घरात पूर्वीही ऐकला आहे. सतराव्या महिन्यात त्या कार्डाची मर्यादा आपोआप वाढवल्याचा संदेश आला. दोघांनी तो एकमेकांना दाखवला आणि वाढ नको म्हणून कळवले. कार्ड सध्या त्याच्या भावाच्या कपाटात आहे.